न भरलेल्या प्रदर्शनातलं घंगाळ

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं यमुआत्यानं मला बजावलंय, कारण नगराध्यक्ष भाऊसाहेब हल्ली आमचं गिऱ्हाईक आहेत.

शहरात भव्य प्रदर्शन भरणार म्हणून भाऊसाहेबांनी कारागिरांकडून उत्तम वस्तू मागवल्या. आत्यानं आजोबांच्या हातचं शेवटचं तांब्याचं घंगाळ दिलं. आजोबा गेल्यावर त्यावरचे हातोडीचे ठोके बोटांनी चाचपूनच ती काम शिकत होती. पुढे मांडव उभा राहण्याआधीच प्रदर्शन बारगळलं. घंगाळ मात्र भाऊसाहेबांच्या दिवाणखान्यात राहिलं.

आत्या ते मागायला गेली. भाऊसाहेब विडा चघळत म्हणाले, "पोरी, नियम वाच. प्रदर्शन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वस्तू परत. प्रदर्शनच झालं नाही, तर दुसरा दिवस कुठला?"

दिवाणखान्यात बसलेली मंडळी खो-खो हसली. आत्याचं लक्ष घंगाळातल्या शेवंतीच्या फुलांकडे गेलं.

"बरं, राहू द्या. पण लोकांना आवडलं का हो?"

"आवडलं म्हणजे? काल लेकीच्या साखरपुड्याला दारातच मांडलं होतं. पाचशे माणसांनी वाकून वाकून पाहिलं!"

"मग भाऊसाहेब, प्रदर्शन आणखी वेगळं काय असतं? ते काल झालं. आज दुसरा दिवस."

मंडळी पुन्हा हसली, पण आता भाऊसाहेबांकडे बघून. त्यांनी घंगाळातली फुलं काढली आणि ते हळूच म्हणाले, "घेऊन जा बाई. पण मलाही असंच एक घडवून दे."

तेच आता आत्या घडवतेय, आणि त्याच्या काठावरचे ठोके मारायला तिनं पहिल्यांदाच माझ्या हातात—

"अगं ए, हातोडी घेऊन कुठे बसलीस? ये लवकर!"