फुकटची मैना

डोंगरापल्याडच्या एका गावात एक लेकुरवाळी होती. तिची तान्ही काही केल्या झोपत नसे. पोर वाळत चालली. स्वतः अंगाई म्हणावी, तर आवाज घोगरा. सासू म्हणायची, "सूनबाई, तू नको गाऊस. गोठ्यात निजलेली म्हैस उठेल."

एकदा एक तेलाचा व्यापारी आला. त्यानं घरोघरी एकेक मैना फुकट दिली, पिंजऱ्यासकट. मैना अशी गोड अंगाई गाई की ऐकणाऱ्याचे हात थांबत. पण पोरीचे डोळे मिटायला आले की मध्येच ओरडे, "घ्या हो घ्या, शेटजींचं तेल घ्या!" पोर दचकून जागी. एकीचं ऐकून दुसरी मैना शिके, नि सगळ्या आळीत तेच सुरू होई.

आईनं पिंजऱ्यावर लुगडं टाकलं. मैना आतून ओरडली. पिंजरा गोठ्यात नेला, तर शेजारची मैना ऐकू येऊ लागली. व्यापाऱ्याला विनवलं, तर तो म्हणाला, "ताई, गाणं फुकट आहे ना? मग ओरडणंही त्याच्यासोबत ऐकायचं."

शेवटी तिनं स्वतःच्या कानांत कापूस कोंबला. जिवाला बरं वाटलं. पाठमोरी बसून ती तांदूळ निवडू लागली.

मागे झोळीत पोरीचा पाय अडकला होता. ती रडून रडून काळीनिळी झाली, तरी आईला पत्ता नाही. सासू धावत आली, तिनं पाय सोडवला, सुनेच्या कानातला कापूस ओढून काढला. म्हणाली, "हिची हाकसुद्धा नको झाली का गं तुला?"

आईनं कापूस चुलीत टाकला आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. मैना उडून अंगणातल्या चिंचेवर बसली. मग पोरीला मांडीवर घेऊन आई त्याच घोगऱ्या आवाजात गाऊ लागली. दुसरी ओळ आठवेना, तिथं नुसतं गुणगुणली. मध्येच ठसका लागला. पोर आईच्या तोंडाकडे टुकुटुकु बघत होती. आळीत तेलाची ओरड चालूच होती, तरी बघता बघता निजली.

आई रोज तशीच गाऊ लागली. आठ-दहा दिवस गेले.

एके दिवशी तिन्हीसांजेला चिंचेवरून अंगाई ऐकू आली. तोच घोगरा आवाज, विसरलेल्या ओळीची तीच गुणगुण, आणि मधला ठसकासुद्धा! मग शेजारची मैना गाऊ लागली, मग पलीकडची, मग सारं गाव. तेलाचं नाव कुणी काढलं नाही. माणसं उंबऱ्यात येऊन नुसती उभी राहिली. तेल विकायला पुन्हा आलेल्या व्यापाऱ्यानंही डोक्यावरची पगडी उतरवून हातात घेतली.

आईच्या अंगावर काटा आला. सासू हळूच म्हणाली, "सूनबाई, म्हैससुद्धा निजली बघ."

तात्पर्य: नको त्या हाकेसाठी कान बुजवले, तर आपल्या माणसाची हाकही हरवते. लेकराला फुकटच्या गोड गळ्यापेक्षा आईचा घोगरा आवाजच पुरतो.