अस्वलमावशीचं नाणं

फार जुनी गोष्ट आहे. एका जंगलात नदी आटली, तेव्हा म्हाताऱ्या अस्वलमावशीने नखं तुटेपर्यंत वाळू उकरली. खाली पाणी लागलं, त्याचा खोल डोह झाला आणि सगळे जगले.

पुढच्या वर्षी त्या दिवसाची आठवण म्हणून तांब्याचं नाणं पाडायचं ठरलं. नाण्यावर डोह हवा की मावशी, यावर मतं घेतली. एका झाडाची एक ढोली डोहासाठी, दुसरी मावशीसाठी ठेवली आणि प्रत्येकाने हव्या त्या ढोलीत एकेक बी टाकली. डोहाच्या ढोलीत एकट्या गिधाडाची बी निघाली, बाकी सगळ्या मावशीच्या. सुतारपक्ष्याने तिच्या चेहऱ्याचा ठसा इतका सुरेख कोरला, की मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात म्हातारा करकोचा म्हणाला, "अरे, पण जिवंत असणाऱ्याचा चेहरा नाण्यावर घालायची आपल्यात रीत नाही."

"मग डोहच घाला की," मावशी हसून म्हणाली.

"असं कसं? मतं पडलीत," ससा म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवसापासून रोज कुणीतरी गुहेपाशी येऊन विचारू लागलं, "मावशी, तब्येत कशी आहे?" ती "झकास!" म्हणाली, की विचारणाऱ्याचं तोंड उतरायचं.

एका दुपारी मावशी डोहावर पाणी प्यायला वाकली. पाण्यात तिला आपल्यामागे सगळ्यांचे चेहरे दिसले. सुतारपक्षी ठसा घेऊन बसला होता. गिधाड तेवढं आलं नव्हतं.

"मावशी," ससा मायेने म्हणाला, "अजून थोडी पुढे जा ना. तिथलं पाणी जास्त गोड आहे."