चिंचबावची थांबलेली प्रार्थना

चिंचबावात संध्याकाळी आलात तर एक गोष्ट तुमच्या कानाला खटकेल. घराघरांत रोझरीची प्रार्थना चाललेली असते, आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणता म्हणता ‘आमचे रोजचे अन्न आज आम्हाला दे’ इथवर येऊन सगळं घर गप्प होतं. कुठे ती शांतता श्वासाएवढी, कुठे चुलीवरचा भात करपेपर्यंत. पाहुण्यांना वाटतं, ही माणसं पुढचं विसरली. अहो, विसरतील कशी? एकदा विसरून बघितलं होतं इथल्या एका घराने, आणि ते फार महागात पडलं.

असं सांगतात, की फार पूर्वी लढायांच्या धामधुमीत इथलं चर्च पडलं होतं आणि पाद्री गेला तो परत आलाच नव्हता. बाप्तिस्म्याचं पाणी आजीने घालायचं, मरणाऱ्याच्या कानात प्रार्थना शेजाऱ्याने सांगायची. आई शिकवील तोच धर्म. तेव्हा गावात नातालबाय नावाची बाई होती. तिचा नवरा इनास आणि शेजारचा बस्त्याव, दोघांच्या केळीच्या वाड्यांना एकच बाव, म्हणजे विहीर. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. पण एका उन्हाळ्यात बाव तळाला गेली आणि पाळीवरून दोघांची जुंपली. बस्त्यावने रहाटापाशीच कोयत्याने इनासची मान तोडली. रहाटाचे बैल म्हणे थांबलेच नाहीत, आणि लाल पाणी पाटातून केळींच्या बुंध्यांत जात राहिलं.

बस्त्याव कोयता टाकून पळाला. नातालबायने तो उचलला आणि न धुता घरातल्या आल्तारावर, देव्हाऱ्यातल्या क्रुसाच्या खाली ठेवला. “पोरांनो, हे विसरायचं नाही,” एवढंच ती म्हणाली. मग संध्याकाळी तिन्ही लेकरांना घेऊन प्रार्थनेला बसली, आणि ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांस क्षमा करतो’ या ओळीपाशी तिची जीभच उचलेना. देवासमोर खोटं कसं बोलायचं? तिने ती ओळ गाळली. दुसऱ्या दिवशीही गाळली. चूक दाखवायला पाद्री कुठे होता? लेकरं तशीच प्रार्थना पाठ करत मोठी झाली, कोयत्याकडे बघत.

थोरला मोतेस मिसरूड फुटताच बस्त्यावच्या भावाला ताडीच्या झाडाखाली गाठून भोसकून आला. बस्त्यावच्या माणसांनी मोतेसला पेंढा साठवायच्या माचात कोंडून माच पेटवला. त्याच्या किंकाळ्या विझेपर्यंत नातालबाय अंगणात डोकं आपटत होती. आता मुलगा म्हणून कायतान तेवढा उरला. त्याला तिने गळ्याची शपथ घातली, “बाबा, पुरे झालं आता. मला तू जिवंत हवास.” पण इतकी वर्षं रोज संध्याकाळी जे शिकवलं, ते एका शपथेने पुसलं जातं होय?

एका संध्याकाळी ती आणि धाकटी लुसबाय प्रार्थनेला बसल्या, तर आल्तारावर कोयता नव्हता. आणि कायतानही घरात नव्हता. तेवढ्यात बावेकडून आरडाओरडा झाला आणि एक माणूस रांगत, अंगणभर रक्त सांडत तिच्या उंबऱ्यावर येऊन पडला. तो बस्त्याव होता. खांदा चिरलेला, पोट फाटलेलं. जवळचं उघडं दार तेच होतं म्हणून आला, दुसरं काही नाही.

“बाय, मी चाललो,” तो म्हणाला. “प्रार्थना सांग.”

नातालबायच्या मनात आलं, याच्या तोंडावर थुंकावं. पण मरणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, एवढा रिवाज तिने अजून मोडला नव्हता. दात-ओठ खात तिने सुरुवात केली. लुसबाय मागोमाग म्हणू लागली. अन्नाची ओळ झाली, आणि लुसबाय पुढे बोलली, “आम्हाला मोहात पडू देऊ नकोस.”

“बाय... एक ओळ राहिली,” बस्त्याव म्हणाला.

“नाही राहिली,” लुसबाय म्हणाली. “आमची प्रार्थना एवढीच आहे.”

नातालबाय लेकीकडे बघत राहिली. नवऱ्याला बस्त्यावने मारलं होतं, पण मोतेसला त्या माचाकडे कोणी धाडलं? तिने मान वर केली, तर दारात कायतान कोयता उगारून उभा. तिने बस्त्यावच्या गळ्यावर आपला हात आडवा घातला. सुटलेला घाव आता थांबायचा नव्हता. तिची बोटं तुटून उंबऱ्यावर पडली. तशीच रक्ताळलेली ती बस्त्यावच्या कानाशी वाकली आणि गाळलेली ओळ म्हणाली, पुरती, ओरडून. ती ऐकून बस्त्याव गेला.

कायतान कोयता टाकून मटकन खाली बसला. थोड्याच वेळात बस्त्यावची बायको रुजीना दिवट्या-भाले घेतलेल्या दिरां-पुतण्यांसह दारात आली. तिच्या नवऱ्याचं डोकं नातालबायच्या मांडीवर होतं. नातालबायने पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना सुरू केली आणि अन्नाच्या ओळीवर थांबली.

“मी माझी ओळ म्हटली, रुजीना,” ती म्हणाली. “आता माझं पोर तुझ्या हातात आहे.”

दिवट्यांचं तेल ठिबकत होतं. पुतण्या भाला सरसावून पुढे झाला, तशी रुजीनाने त्याला मागे ढकललं. ती कायतानकडे गेली आणि हात सुजेपर्यंत त्याच्या थोबाडीत मारत राहिली. तो मान खाली घालून मार खात राहिला. मग ती नवऱ्याच्या पायाशी बसली, धाय मोकलून रडली, आणि रडतारडताच ती ओळ म्हणाली.

आजही चिंचबावात घरातल्या ज्याच्या मनात राग असेल, त्याच्यासाठी सगळे त्या जागी थांबतात. त्याला कोणी घाई करत नाही, आणि तो बोलल्याशिवाय कोणी जेवत नाही. आणि आजही इथल्या आया बोबडं बोलणाऱ्या लेकराला सगळ्यात आधी तेवढी एकच ओळ शिकवतात. बाकीची प्रार्थना मागाहून.