फ्युशियाचं फाटकं पांघरूण

"कुणीतरी गोणपाट कुरतडलं. एवढं मोठं भोक पाडलं. काहीच कसं वाटलं नाही?"

गोदाक्का रागावल्या होत्या. थंड डोंगरावर त्यांची बाग. बागेत एका कुंडीत फ्युशियाचं झाड. नाजूक नाजूक. लाल झुमक्यांचं. थंडीत रोज संध्याकाळी अक्का त्याला गोणपाट पांघरायच्या. काल भोकातून थंडी शिरली. दोन पानं काळी पडली. आज थंडी आणखी वाढणार. झाड वाचेल का?

टिकली उंदरीनं सगळं ऐकलं. तिनं तोंड लपवलं. मग ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गोणपाट शिवायची मोठी सुई, तिचं नाव दाभण.

"दाभणदादा, शिव ना. गोणपाट जुळेना, झाडाची थंडी जाईना."

"सुतळी आण, मग शिवीन. भोक कुणी पाडलं गं?"

"कुणीतरी." टिकलीचे कान पडले.

तुरुतुरु, तुरुतुरु.

"सुतळीताई, चल ना. दाभण शिवेना, गोणपाट जुळेना, झाडाची थंडी जाईना."

"माझ्यावर शेळी बसलीय. तिला उठव, मग येईन. भोक कुणी पाडलं गं?"

"कुणीतरी." टिकलीची शेपूट आत गेली.

तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेळीमावशी, ऊठ ना. सुतळी हलेना, दाभण शिवेना, गोणपाट जुळेना, झाडाची थंडी जाईना."

"तुतीचा पाला आण, मग उठेन. भोक कुणी पाडलं गं?"

"कुणीतरी." टिकलीनं डोळे मिटले.

तुरुतुरु... तुरु... तुरु.

"तुतीआजी, पाला दे ना. शेळी उठेना, सुतळी हलेना, दाभण शिवेना, गोणपाट जुळेना, झाडाची थंडी जाईना."

"पाला देईन. पण खरं सांग. भोक कुणी पाडलं?"

टिकलीनं डोळे उघडले.

"मी पाडलं. बिळात मऊ मऊ हवं होतं. मला लाज वाटते, आजी."

सळसळ, सळसळ. तुतीनं पाला टाकला. पाला दिसला, शेळी उठली. शेळी उठली, सुतळी सुटली. सुतळी आली, दाभण शिवू लागला. टच्, टच्, टच्. गोणपाट जुळलं.

तेवढ्यात अक्का आल्या. टिकली पळाली नाही.

"अक्का, ते भोक माझंच."

अक्कांनी तिच्याकडे बघितलं. "बरं. मग हे टोक धर."

दोघींनी मिळून झाडाला पांघरूण घातलं. नीट, गळ्यापर्यंत. झाडाची थंडी गेली. एक चिंधी उरली. अक्कांनी ती टिकलीला दिली.

"बिळात घाल. पण आता मागून घ्यायचं."

कुंडीच्या काठावर एक गोगलगाय होती. तिनं मान आत ओढली. मग हळूच बाहेर काढली.

"अक्का," ती म्हणाली, "परवाची कळी मी खाल्ली."