तांबोळींची हरकत

"मेलेल्या माणसाशी चाललेलं भांडण थांबवायचं कसं, माई?"

जयंत सबनीसांनी चपला काढता काढताच विचारलं. मठाच्या ओसरीवर माई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आधी बस तर."

ते बसले आणि लगेच उठले. दिवाळीनंतर त्यांचं असंच चाललं होतं.

सबनीस पूल बांधणारे इंजिनिअर. सगळी नोकरी त्यांनी आणि गुलाब तांबोळींनी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काढली. सबनीसांनी पूल आखायचा, तांबोळींनी त्यात खोट काढायची. दोघांची जुंपली की शिपाई चहा दाराशीच ठेवून निघून जायचा. निवृत्तीनंतर तेच भांडण फोनवर सुरू राहिलं.

दिवाळीनंतर एका सकाळी तांबोळी अंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. आदल्या संध्याकाळी दोघं एका जुन्या पुलाच्या खांबावरून तावातावानं बोलले होते.

"खांब आणखी जाड हवा होता म्हणे. मी सगळं गणित पुन्हा मांडून पाहिलं, माई. मीच बरोबर होतो."

"मग?"

"मग सांगू कुणाला?"

माईंनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

"जेवायला बसलो की तो बोलतो. रस्त्यानं चाललो की बोलतो. मी उत्तरं देत बसतो. बायको विचारते, कुणाशी बोलताय... मला शांती हवीय. एखादं नाम द्या, मंत्र द्या. मी निष्ठेनं करीन."

"देऊ की. आधी जरा चल माझ्याबरोबर."

मठामागच्या ओढ्यावर गावकरी साकव, पायी जाण्यापुरता छोटा पूल, बांधत होते. दोन्ही काठांवर दगडी भिंती उभ्या होत्या, वर सळ्यांची जाळी बांधून तयार. आज काँक्रीट ओतायचं होतं. गवंडी आणि त्याची माणसं बाभळीखाली खोळंबली होती. पाऊस तोंडावर आला होता, आणि गेल्या पावसाळ्यात शाळेतली एक मुलगी या ओढ्यात वाहून जाता जाता वाचली होती.

"बघ आणि सांग," माई म्हणाल्या.

सबनीस जाळीवरून फिरले. खाली वाकून भिंती पाहिल्या, दगडांवर हात फिरवला.

"चांगलं काम आहे. ओता."

गवंडी उठला. माईंनी त्याला हातानं थांबवलं.

"तांबोळी काय म्हणतात?"

सबनीस बघतच राहिले. "तो... तो कुठे आहे इथं?"

"वाटेनं बोलत होता ना तुझ्याशी?"

ते पुन्हा भिंतीकडे वळले.

"तो काय म्हणणार," सबनीस चिडून म्हणाले. "नाहीच म्हणेल. पुलाकडे कधी बघायचाच नाही तो, काठाकडे बघायचा. म्हणेल, सबनीस, तुमचा पूल राहील हो जागेवर, पण पाणी बाजूनं माती खाईल. मग लोकांनी पुलावर चढायचं कुठून? वरच्या अंगाची, पाणी येतं तिकडची भिंत काठात आणखी आत न्या, म्हणेल."

"आणि तू?"

"मला नाही गरज वाटत. एवढ्याशा ओढ्याला..."

बोलता बोलता ते काठ उतरून खाली गेले. भिंत जिथं संपत होती तिथं त्यांनी टाच रोवली. माती ढासळली. त्यांनी पुन्हा टाच रोवली. पुन्हा ढासळली.

ते तिथंच उभे राहिले. ओठ हलत होते, पण काय म्हणत होते ते कुणाला ऐकू आलं नाही.

"आज ओतू नका," शेवटी ते गवंड्याला म्हणाले. "आधी ही भिंत वाढवू."

"पाऊस आला तर, साहेब?"

"म्हणून तर आत्ताच लागायचं. मी थांबतो. दगड कुठे आहेत?"

गवंड्यानं माईंकडे पाहिलं. माईंनी मान हलवली. माणसं दगड आणायला गेली.

सबनीसांनी बाह्या वर सारल्या आणि एकाएकी ते काठावरच बसले.

"तो गेला, माई." ते ढासळलेल्या मातीकडे बघत होते. "आता कधीच येणार नाही तो."

माई वळल्या. मठाकडे परत निघाल्या.

"माई... ते नाम?"

चालता चालता माई म्हणाल्या,

"पुढच्या वर्षी विहीर काढायची आहे. दोघं या."