एकाच पातेल्यातला भात

एक वृद्ध आचार्य एका गावाच्या पाठशाळेत राहत असत. वय झाल्यावर त्यांनी वर्ग आपल्या शिष्याच्या हाती सोपवला होता. मुलांचा दुपारचा स्वयंपाक गावातलीच एक बाई करी. तिची मुलगी वेणू त्याच वर्गात शिके.

वेणूला पाठ एकदा ऐकला की येई. मग इतरांचा होईपर्यंत ती हाताची घडी घालून बसून राही. एका सकाळी ती आईला म्हणाली, "आई, उद्यापासून मी नाही जाणार. तिथं नुसतं थांबायचं असतं."

आई तडक पाठशाळेत गेली. तिनं शिष्याला गाठलं. "गुरुजी, हिला थोडं पुढचं शिकवाल का?"

शिष्य हसला. "बाई, प्रत्येक आईला आपलं पोर बृहस्पतीच वाटतं. इथं सगळी सारखी. एकीला वेगळं शिकवणं म्हणजे पंक्तिप्रपंच."

"बृहस्पती नको हो मला. पोरगी पूर्वी घरी येऊन शंभर प्रश्न विचारायची. आता एकही विचारत नाही."

ओसरीवरून आचार्यांनी हे ऐकलं. ते शिष्याला म्हणाले, "आज तू रांध. तांदूळ आणि हरभरे एकाच पातेल्यात, एकाच वेळी घाल. बाई, तुम्ही नुसतं बसायचं."

"अहो, पण हरभरे भिजवलेले नाहीत!"

"असू देत. सगळ्यांना सारखं."

थोड्याच वेळात भाताचा वास सुटला. बाई उठली. "झाला भात. उतरवा."

"थांबा," शिष्य म्हणाला. "हरभरा कच्चा आहे."

पाणी आटलं, पुन्हा घातलं. भाताची खळ झाली, मग ती बुडाला लागली, करपली. हरभरा मात्र शिष्याच्या दाताखाली कटकन वाजला. बाईचे डोळे भरून आले. "केव्हाचा झाला होता हो! कुणी उतरवलाच नाही."

आचार्य शिष्याकडे वळले. "तू दोघांवरही अन्याय केलास. तांदळाला वेळेवर उतरवलं नाहीस आणि हरभऱ्याला रात्रभर पाणी दिलं नाहीस. हरभरा उशिरा शिजतो, म्हणून तो हलका नव्हे. बाबा, पंक्तिप्रपंच पानावर होतो, चुलीवर नाही. पातेली वेगळी असोत. पंगत एक असली की झालं."

शिष्यानं करपलेलं पातेलं खाली उतरवलं. मुलांनी त्या दिवशी चुरमुऱ्यांवर भागवलं.

दुसऱ्या दिवशी शिष्यानं हरभऱ्यासारख्या मुलांना जवळ बसवून पाठ पुन्हा सावकाश सांगितला. वेणू ओसरीवर आचार्यांपाशी बसली. जेवायला मात्र सगळी एकाच पंगतीत येणार होती.

बाई मागच्या अंगणात ते करपलेलं पातेलं घासत होती. लहानपणी तिलाही दाराआडून ऐकूनच तिसापर्यंतचे पाढे आले होते. मग ती थांबली होती. किती वर्षं, ते तिनं कधी मोजलं नव्हतं.

इतक्यात ओसरीवरून वेणूचा आवाज आला, "पण असं का, आजोबा?"

बाईचा हात राखेतच थांबला. पुढचा प्रश्न ऐकायला ती कान देऊन बसली.