धरलेली कडी

"पण ते प्रथिन पेशीला धरतं, एवढं तर मान्य आहे ना?" ओजस खळदकरनं तिसऱ्यांदा विचारलं.

दाऊद मुल्ला सर शेंगा सोलत होते. "धरतं."

"घट्ट?"

"घट्ट धरतं."

"मग सही करायला हरकत काय, सर?"

सरांनी पुढची शेंग फोडली.

प्रयोगशाळा सोडून सर राजापूरजवळच्या या घरात एकटे राहायला आले होते. ओजस त्यांचा शेवटचा विद्यार्थी. शोधनिबंधावर सरांचं नाव हवं होतं आणि निबंध आजच जायला हवा होता, म्हणून तो पुण्याहून एसटीनं इथवर आला होता.

जखम झाली की शरीर एक चिमुकलं प्रथिन सोडतं. केमोकाइन म्हणतात त्याला. ते पांढऱ्या पेशीवरच्या ठरलेल्या जागी बसतं आणि पेशी जखमेकडे चालू लागते. प्रथिन कसलं, हाकच ती.

ओजसला त्या हाकेची रचना हवी होती, अणू न् अणू. त्यासाठी आधी प्रथिनाचा स्फटिक व्हायला हवा. प्रथिनाचं धड देखणं होतं, गंधकाच्या दोन टाक्यांनी आवळलेलं. पण पुढं आठ अमिनो आम्लांचा, आठ मण्यांचा, एक सैल धागा लोंबायचा. तो कधी एका जागी ठरेना, आणि त्याच्यापायी प्रथिनाचा स्फटिक काही होईना. दोन वर्षं अशीच गेली. मग ओजसनं धागाच कापून टाकला.

महिन्याभरात स्फटिक तयार झाला, खडीसाखरेसारखा.

शेजारच्या टेबलावरच्या रेवा शिंत्रेनं ते कापलेलं प्रथिन जिवंत पेशींवर घालून पाहिलं. ते जागेवर बसलं, चिकटून बसलं. पेशी मात्र हलल्या नाहीत. ओजसनं चारचौघांत तिला सुनावलं, की तुला पेशी जगवता येत नाहीत, त्यात माझ्या प्रथिनाचा काय दोष? त्या दिवसापासून त्याला चहाला कुणी बोलावलं नव्हतं. हे त्यानं सरांना हसत हसत सांगितलं होतं.

सर हसले नव्हते.

आता ते उठले. हात झटकले, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

ओजस थांबला. टरफलं गोळा करायला सूप आणायला गेले असतील, असं त्याला वाटलं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. त्या खोलीत एकट्यानं बसणं त्याला जड जाऊ लागलं. कुणीतरी यावं, असं किती महिन्यांत वाटलं नव्हतं... शेवटी त्यानंच दार उघडलं.

सर उंबऱ्याबाहेर उभे होते. दाराची कडी मुठीत गच्च धरलेली. मागं शेजारच्या जुलेखाबी हातात डबा घेऊन ताटकळलेल्या.

"बघ रे बाबा," त्या ओजसला म्हणाल्या, "स्वतः हाक देत नाहीत आणि मला कडीपर्यंत पोचू देत नाहीत. कालवण निवलं." डबा त्याच्या हातात कोंबून त्या पुटपुटत गेल्या.

"सर, कधीपासून उभे आहात?"

"मघापासून."

"मग कडी वाजवायची नाही का?"

"धरली होती की."

ओजसनं त्या मुठीकडे पाहिलं. डबा हातात तसाच. रेवाच्या पेशी त्याच्या डोळ्यांपुढं आल्या. मेलेल्या नव्हत्याच त्या. जागच्या जागी, वाट पाहत...

"तो धागा," तो हळूच म्हणाला. "पण सर, तो ठरतच नव्हता हो."

"ठरला असता, तर वाकून पेशीवरच्या त्या जागेत आत शिरला असता का?"

ओजसनं डबा खाली ठेवला. सहीची जागा कोरी असलेले कागद उचलून पिशवीत घातले. स्फटिकावरून काढलेलं प्रथिनाचं एक चित्र तेवढं हातात राहिलं. ते त्याला ठेववेना. टाके, वळणं, प्रत्येक अणू आपापल्या जागी. कुठं एक रेष हललेली नाही.

"इतकं स्वच्छ चित्र अजून कुणाला जमलेलं नाही, सर," तो म्हणाला. आवाज मात्र विचारल्यासारखा आला.

सरांनी चित्र घेतलं, उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं... मायेनंच पाहिलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "इतकं स्वच्छ, की कुणी येतच नाही."